ओढ्यापलीकडे सर्व ठीक

“ऐका. पण आधीच सांगून ठेवतो, हे कुणाला खरं वाटणार नाही,” वस्ताद म्हणाले, आणि वर्गातल्या अठरा खुर्च्या एकदम पुढे सरकल्या.

हे वाक्य कानी पडलं की वनरक्षक प्रशिक्षण केंद्रातली पोरं-पोरी पेनं खिशात ठेवत, कारण त्यापुढं जे येई ते परीक्षेत विचारत नसत. वस्तादांच्या थापा अस्सल लोणकढ्या असत. त्या थापा आहेत हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असे, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे. बिबट्या त्यांच्या जेवणाच्या डब्यावर तीन तास बसून राहिल्याची गोष्ट तर मागच्या नऊ तुकड्यांना तोंडपाठ होती. वस्तादांनी म्हणे झाडावर बसल्या-बसल्या त्याला एक गोष्ट सांगितली, बिबट्याला झोप लागली, मग यांनी अलगद उतरून त्याच्या पोटाखालचा डबा ओढून घेतला.

“बिबट्याला भाषा कळली?” असं कुणीतरी विचारायचंच.

“कळली नाही म्हणून तर झोपला. तुमच्यासारखाच.”

अशा या बासष्ट वर्षांच्या, तोंडाला कधी लगाम न घातलेल्या माणसाचा आज शेवटचा तास होता. दुपारचे तीन वाजले होते. भिंतीवर जप्त केलेल्या तारा, लोखंडी चाप, जाळी असं सगळं खिळ्यांना टांगलेलं होतं. फळ्यावर कालच्या सरावाचा नकाशा अजून पुसलेला नव्हता. आणि वस्तादांच्या शर्टाच्या खिशात दोरीचा एक फास होता, टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळलेली एक खुंटी होती.

दोरीचा फास कालच्या सरावातला. केंद्रामागच्या रानाच्या तुकड्यात वस्तादांनी बारा फास लपवले होते. नऊ जोड्या, प्रत्येक जोडीला आखून दिलेली वाट, आणि फिरून आल्यावर गस्तीच्या वहीत एक ओळ लिहायची. बारापैकी अकरा फास परत आले. बारावा नाल्यापलीकडे होता. जोडीत वाट वाटून घेतलेली, तो भाग लांब्याचा. उंचीमुळं त्याला पहिल्याच दिवशी हे नाव पडलं होतं, आणि तो नावाप्रमाणेच लांब ढांगांचा, लांब जिभेचा, पण मनानं वाईट नव्हता. त्यानं वहीत लिहिलं होतं, “नाल्यापलीकडे फिरलो. सर्व ठीक.”

आज सकाळी वस्ताद दुखरा गुडघा चोळत स्वतः नाल्यापलीकडे गेले. फास जागच्या जागी होता. आजूबाजूच्या चिखलात त्यांच्या स्वतःच्या पावलांखेरीज एक पाऊल नव्हतं.

नळावर तोंड धुणाऱ्या लांब्याला त्यांनी गाठलं.

“किती फास सापडले रे काल?”

“अकरा, वस्ताद. तुमच्या तोंडून शाबासकी राहिलीय अजून.”

“नाल्यापलीकडे?”

“काही नव्हतं.”

“गेला होतास?”

लांब्यानं आधी नळाकडं पाहिलं, मग आपल्या बुटांकडं. बूट कोरे करकरीत होते. “चिखल होता हो. आणि सरावच तर होता. दोरीचे फास, खोटं जंगल.” मग तो हसला. “एक ओळ तर आहे, वस्ताद.”

“एक ओळ,” वस्ताद म्हणाले.

आता यापुढं त्याची सालटी काढायला हवी होती. वस्तादांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या जिभेनं दगा दिला, आणि लांब्याला वाटलं, म्हातारा विसरला काय बोलायचं ते. तो पंचा खांद्यावर टाकून निघून गेला.

वस्ताद तिथून तडक फलकाकडे गेले. उद्या सकाळपासून नव्या वनरक्षकांच्या नेमणुका. माणसं कमी आणि जंगल मोठं, त्यामुळं इथली रीत अशी की जोडीतला एक आज फिरतो, दुसरा उद्या. आज फिरलेला संध्याकाळी वहीत ओळ लिहितो. उद्याचा सकाळी ती ओळ वाचून मगच पाऊल टाकतो. जिथं काल कुणी फिरलेलं नाही तिथं काठीनं गवत चाचपत, मुंगीच्या पावलांनी. जिथं फिरलेलं आहे तिथं झपाझप, नजर लांबवर ठेवून. सगळं काम त्या एका ओळीवर चालतं. माणूस अंधारात जसा दुसऱ्याचा हात धरतो, तसे हे लोक दुसऱ्याची ओळ धरतात.

फलकावर पाचव्या क्रमांकाला लिहिलं होतं: ओढ्याचं बीट, म्हणजे एका जोडीनं राखायचा ओढ्याकडचा टापू. त्यापुढं लांब्याचं नाव, आणि लांब्याच्या नावापुढं वस्तादांच्या जुन्या जोडीदाराच्या, मौनीच्या लेकीचं.

केंद्राच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्यांच्या खोलीत वस्ताद न विचारता शिरले.

“पाचवी जोडी बदला, बाई.”

“का?”

कारण सांगावं तर लांब्याचं प्रमाणपत्र जाणार. आणि एका खोट्या ओळीसाठी कुणाचं प्रमाणपत्र काढून घ्यायला हे कोण लागून गेले होते?

बाईंनी चष्मा काढला. “वस्ताद, ते बीट त्या मुलीनं स्वतः मागून घेतलंय. वडिलांचं बीट आहे. मी नाही म्हणू शकले नाही. तुम्ही म्हणून दाखवा.” मग जरा हसून, “तीनचा तास तुमचा आहे. शेवटचा. चार वाजता प्रमाणपत्रं. काहीतरी लक्षात राहील असं सांगा पोरांना.”

म्हणून वस्ताद आता वर्गापुढं उभे होते.

“कोणती गोष्ट, वस्ताद?” पहिल्या रांगेतून एकीनं विचारलं. “डबा की मगर?”

“सासूबाईंची,” वस्ताद म्हणाले.

वर्गात हशा पिकला, पण खिडकीशी बसलेली मौनीची लेक हसली नाही. तिनं फक्त हाताची घडी घातली. ही गोष्ट तिला वयाच्या चौथ्या वर्षापासून पाठ होती. तिच्या घरी येऊन, तिला मांडीवर घेऊन ती सांगणारे हेच. तेव्हा ती त्यांना काका म्हणायची. केंद्रात दाखल झाली त्या दिवशी तिनंच त्यांना दाराशी अडवून बजावलं होतं, “काका, इथं मी तुमची कुणी नाही. इथं तुम्ही वस्ताद. चुकले तर सगळ्यांसारखी शिक्षा.” ती चुकलीच नाही, हा भाग वेगळा. पोरगी अशी, की सांगितलेलं काहीही करून पाहिल्याशिवाय पटवून घ्यायची नाही. दुसऱ्या आठवड्यात वस्तादांनी खुंट्यांचा धडा दिला होता. शिकारी तारेचा फास जमिनीलगत पसरून धरायला ओल्या फांद्यांच्या खुंट्या ठोकतात. ओल्या जमिनीत ओली खुंटी जिवंत राहते. साल सुकली का, कापाचा रंग बदलला का, कोंब फुटला का, हे पाहून फास किती दिवसांचा ते कळतं. दुसऱ्याच दिवशी हिनं स्वयंपाकघरामागं, सांडपाण्याच्या कडेला दहा खुंट्या रांगेत ठोकल्या आणि रोज सकाळी जाऊन प्रत्येकीपुढं तारीख नि बदल लिहायला लागली. वस्तादांच्या खोलीच्या खिडकीतून ती रांग दिसायची. त्यांनी खिडकीला जुनी चादर लावून टाकली. कुणी विचारलं तर म्हणाले, ऊन लागतं.

“सासूबाई म्हणजे गेंडीण,” वस्तादांनी सुरुवात केली. “डावा कान फाटलेला. नाव आमच्या जुन्या साहेबानं ठेवलं. कारण एक तर ती न सांगता यायची, दुसरं म्हणजे आली की सगळ्यांनी वाट सोडायची, आणि तिसरं, तिच्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही. एकदा तिनं साहेबाची जीप उलटी केली आणि तिच्या चाकाला पाठ घासत अर्धा तास उभी राहिली. साहेब आत. आतून ओरडतोय, ‘अरे, हाकला!’ आम्ही म्हटलं, साहेब, पाठ घासून झाली की जाईल. सासूबाईंच्या पाठीचं दुखणं आहे, आपण मध्ये पडू नये.”

पुन्हा हशा. लांब्या बाकावर हात आपटून हसला.

“त्या वेळी आख्ख्या जंगलात गेंडे चार राहिले होते. हाताच्या बोटांवर, तेही अंगठा सोडून. बाकीच्यांची शिंगं कुठल्या कुठं गेली होती. चारांतली एक सासूबाई, आणि तिला त्या वर्षी पिल्लू झालं. म्हणजे साडेचार म्हणा.”

खिडकीकडे पाहायचं नाही असं ठरवून त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

“बीटावर आम्ही दोघं. मी आणि मौनी. त्याला मौनी का म्हणायचे? कारण त्याच्या वाटणीचं सगळं मीच बोलून टाकायचो. आठ वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेले शब्द मोजले तर एका पोस्टकार्डावर मावतील. पण रान वाचायचा. वाकलेलं गवत पाहून सांगायचा, हरीण गेलं, लंगडत होतं. आणि वही. वहीतली ओळ त्याच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. सकाळी चौकीत आला की चपलासुद्धा काढायच्या आधी वही उघडायचा.”

हे सगळं खरं होतं. खरं सांगताना वस्तादांचा आवाज नेहमी जरा खाली उतरायचा, आणि ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आता पुढचं पाऊल. काय सांगायचं ते त्यांनी दुपारी जेवणाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून मनात घोकलं होतं. मौनी रजेवर होता. दहा दिवस. लेकीला गोवर आला होता आणि ताप उतरत नव्हता. जाताना तो चौकीच्या पायरीवर घुटमळला, मग म्हणाला, “ओढ्यापलीकडे लक्ष ठेव. पिल्लू आहे.” त्या महिन्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य. वस्ताद म्हणाले होते, “अरे जा रे, मी आहे ना.”

पहिल्या दिवशी ते ओढ्यापर्यंत गेले. पाणी मांडीला लागत होतं. चौकीच्या ओसरीवर जंगल पाहायला आलेले पाहुणे थांबले होते, आणि बिबट्या नुकताच डब्यावर बसला होता, म्हणजे गोष्टीतला. ऐकणारे मिळाले की वस्तादांचे पाय जड होत. ते परत फिरले. संध्याकाळी वहीत लिहिलं, “ओढ्यापलीकडे फिरलो. सर्व ठीक.” दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे आणखी चौघांना घेऊन आले. पाचव्या दिवशी पाणी ओसरलं, पण तोवर सवय लागली होती. दहा दिवस, दहा ओळी, अक्षर न् अक्षर सारखं. माणसानं जन्मभर डोंगराएवढ्या थापा मारल्या, आणि त्यांतल्या एकीनंही कुणाला ओरखडा उठला नाही. ही सगळ्यांत लहान होती.

हे सांगायचं होतं. एवढंच. मग लांब्याकडं पाहायचं, खिशातला फास टेबलावर ठेवायचा आणि पुढं एक शब्दही बोलायचा नाही.

“मौनी रजेवरून परत आला,” वस्ताद म्हणाले. “लेकीचा ताप उतरला होता. त्यामुळं खुशीत. खुशीत म्हणजे काय, तर त्यानं मला विचारलं, ‘चहा?’ म्हणजे त्याच्या मानानं नाचच की तो. मग वही उघडली. ओळ वाचली. काठी तिथंच दाराला टेकवून ठेवली आणि निघाला.”

“काठी का ठेवली?” पहिल्या रांगेतली म्हणाली.

प्रश्न अगदी दारात येऊन उभा राहिला होता. वस्तादांनी फक्त कडी काढायची होती. वाट तपासलेली आहे असं वहीत होतं म्हणून. मी लिहिलं होतं म्हणून.

खिडकीशी मौनीच्या लेकीनं मान किंचित तिरकी केली. बापासारखी. दहा दिवस बाप आपल्या उशाशी बसला होता, हे तिला आईनं इतक्या वेळा सांगितलं होतं की आपल्याला ते आठवतं असंच तिला वाटे. तिचा बाप गेल्यावर तिच्या घरचा गळका नळ बदलला तो वस्तादांनी, शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे राहायचे ते वस्ताद, आणि वहिनी दर वेळी म्हणायच्या, “भावोजी, तुम्ही होतात म्हणून.” एकोणीस वर्षं ते वाक्य वस्ताद चहाबरोबर गिळत आले होते.

“काठी?” वस्ताद म्हणाले. “वाट आदल्या दिवशी तपासलेली होती ना. साफ.”

झालं. गाडीचं चाक जुन्या चाकोरीत पडलं, ते नऊ तुकड्यांपुढं पडलं तसंच आजही पडलं, आणि आपोआप पुढं निघालं.

“आता हरामखोरांची कमाल ऐका. आदल्या संध्याकाळपर्यंत वाट साफ. आणि त्याच दिवशी पहाटे येऊन त्यांनी फास लावला. मौनी पोचायच्या जेमतेम दोन तास आधी. नशीब म्हणतात ते हे. पोलादी दोर, झाडाला बांधलेला, गवताखाली पसरलेला. सासूबाईंच्या पायासाठी होता. मौनीचा पाय पडला. दोर आवळला, तो पडला, घोटा मोडला. आणि समोरून, तीस पावलांवर, गवतातून पिल्लू बाहेर आलं. पिल्लामागून सासूबाई.”

आता वर्गात कुणी हसत नव्हतं. बाहेर कुणीतरी प्रमाणपत्रांच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या लावत होतं, त्यांचे पाय फरशीवर घासत होते.

“मी चौकीवर होतो. मला गोळीचा आवाज आला. एक. मी धावलो. ओढा कसा ओलांडला ते मला आजही सांगता येणार नाही, पाणी होतं की नव्हतं तेही नाही. पोचलो तेव्हा सासूबाई पिल्लाला घेऊन लांब गेली होती. मौनी तिथंच. आता जे सांगतो ते खरं वाटणार नाही म्हटलं होतं, ते हे. त्याची बंदूक त्याच्या हातात होती. घट्ट. मी बोटं एकेक करून सोडवली. पाच गोळ्यांतली एक गेली होती, आणि तिचा छेद वरच्या फांदीत होता. त्यानं हवेत मारली. ती थांबते का पाहिलं. थांबली नाही. बाकीच्या चार तशाच होत्या.”

“चार गोळ्या होत्या?” लांब्याचा आवाज चिरकला. “मग मारल्या का नाहीत? तीस पावलांवर?”

“चारच गेंडे होते, बाळा.”

“पण स्वतःचा जीव!”

“म्हणून तर म्हटलं, खरं वाटणार नाही.”

लांब्यानं कोऱ्या बुटांचे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

गोष्ट नेहमी इथं संपायची. यानंतर वस्ताद सांगायचे, की आज जंगलात अकरा गेंडे आहेत, त्यांतले सात सासूबाईच्या पोटचे नाहीतर नातवंडं. मग पोरं उठून उभी राहायची, कुणी डोळे पुसायचं, आणि सगळे मौनीसारखं व्हायचं ठरवून जंगलात जायचे. कुणालाही वस्तादांसारखं न होण्याचा धडा मिळालेला नसायचा.

चौकशी आली होती तेव्हाही असंच झालं. साहेबांनी वही उघडून विचारलं होतं, “काल इथं फेरी झालीय ना? म्हणजे फास आज पहाटेचा.” वस्तादांना बोलावंसुद्धा लागलं नाही. नुसती मान हलवली. महिन्याभरानं शिकारी पकडले गेले. त्यांतला एक कबुलीत म्हणाला, “फास दहा दिवस लावून ठेवला होता, साहेब, रोज लांबून बघायचो, कुणीच फिरकलं नाही.” साहेब हसले. वनरक्षकाची वही एकीकडं आणि चोराची जीभ दुसरीकडं. चोर त्या दिवशी खरं बोलला होता, आणि ते ठाऊक असलेला माणूस दाराशी हात बांधून उभा होता.

“संपली?” मागून कुणीतरी हळूच विचारलं.

वस्तादांनी घड्याळ पाहिलं. चार वाजायला अठरा मिनिटं. अठरा मिनिटांनी मोठ्या बाई येणार, प्रमाणपत्रं देणार, उद्या पहाटे पाचवी जोडी ओढ्याच्या चौकीत पोचणार. परवा सकाळी ही मुलगी चपला काढायच्या आधी वही उघडणार. ओळ वाचणार. काठी दाराला टेकवणार.

“लांब्या,” वस्ताद म्हणाले.

“जी, वस्ताद.”

तोंड काही वळेना. पण हात वळला. हातानं टेबलाचा खण ओढला, रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत वीतभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड, वाळून कोळ झालेली खुंटी. एक टोक तासलेलं, दुसरं ठोकून चेचलेलं. मौनीला उचलून नेल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हातानं उपटली होती आणि कुणाला दिली नव्हती. फासाचा दोर पुढं केंद्रात आला, भिंतीवर टांगला गेला, नऊ तुकड्यांनी तो हाताळला. खुंटी कुणी पाहिली नव्हती. फेकून द्यावी म्हणून वस्ताद तीनदा चुलीपाशी गेले होते. तीनदा परत आले होते.

“ही त्या फासाची खुंटी. हातात घ्या. पुढं द्या.”

“देवघरात ठेवायची वस्तू दिसतेय,” लांब्या वातावरण हलकं करायला म्हणाला, पण कुणी साथ दिली नाही. त्यानं खुंटी उलटीसुलटी केली. “काठी आहे साधी,” असं म्हणून शेजारणीच्या हातात दिली. तिनं वास घेतला. पुढच्यानं टोकावर अंगठा फिरवला. कुणी कुजबुजलं, “याच्यावरच पाय पडला?” खुंटी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली.

वस्ताद तिच्याकडे बघत होते. खुंटीकडे, तिला धरणाऱ्या हातांकडे नाही. पुढं होऊन ती काढून घ्यावी, म्हणावं, चला, वेळ झाली, असं एकदा वाटलं. गुडघा हललाही. पण ते उभेच राहिले.

“त्यांनी पहाटे ठोकली,” ते पुन्हा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी. “दोन तास आधी. दवसुद्धा वाळलेलं नव्हतं तिच्यावरचं.”

खुंटी खिडकीशी पोचली.

मौनीच्या लेकीनं ती दोन्ही हातांत घेतली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. बापाचा पाय जिथं पडला तिथलं ते लाकूड. मग शिकवलं होतं तसं, आधी तासलेलं टोक पाहिलं, मग काप, मग साल. सालीवरून नख हळूहळू वर नेलं. नख एके ठिकाणी अडलं. तिनं खुंटी उजेडाकडं धरली. चेचलेल्या टोकाच्या जरा खाली, सालीतून वर आलेले तीन कोंब होते, मोहरीएवढे, वाळून काळे पडलेले. त्यांतल्या एकाला बारीकशी चोच होती, पान उघडायच्या बेतात असताना उपटल्यासारखी.

तिनं मान वर केली नाही. खिडकीतून स्वयंपाकघरामागची तिची रांग दिसत होती. दहा खुंट्या, प्रत्येकीपुढं तारखेची पाटी. तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

मग मोजणं थांबलं. भिंतीवरच्या तारा वाऱ्यानं एकमेकींना लागून किणकिणल्या. लांब्या मागं वळून तिच्याकडं बघत होता, आणि वस्तादांनी खिशातला दोरीचा फास मुठीत घट्ट धरला होता.

ती उठून उभी राहिली. खुंटी हातात उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

“ही पहाटे ठोकलेली नाही,” ती म्हणाली. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. “हिला कोंब फुटलेत. ही दहा दिवस जमिनीत होती. तुम्ही खोटं बोलताय, काका.”